दहा तारखेच्या सुमारास

पाणी. छापील तक्त्याच्या नवव्या ओळीत पाणी लिहिलं होतं, आणि देओलिंदा फुर्तादोची नजर तिथे जी अडकली ती हलेचना. 'बेडरूम क्रमांक तीन, पाण्यामुळे खराब झालेली जमीन, खरेदीदाराला सूट, बाराशे डॉलर.' वरच्या आठ ओळी तिने मुकाट्याने वाचल्या होत्या, म्हणजे नुसते डोळे फिरवले होते. दलाली पंधरा हजार सातशे पन्नास. मालकीहक्काचा विमा. पैसे आणि कागद मध्ये धरून ठेवणाऱ्या या ऑफिसची फी. काउंटीचा हस्तांतर कर तीनशे शेहेचाळीस डॉलर, आणि वरचे पन्नास सेंटसुद्धा सोडले नव्हते मेल्यांनी. वाळवीची तपासणी. पूर-भूकंप-वणव्याचा अहवाल. घर विकायचं तर विकणाऱ्यालाच एवढं सगळं भरावं लागतं, हे बर्निसने दोन महिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तेव्हा त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पण पाणी?  गिलने तसं लिहून दिलं होतं हे काही तिला नवीन नव्हतं. ती समोरच बसली होती तेव्हा, शेंगा सोलत, आणि तोंडातून ब्रही काढला नव्हता तिने. पण नवऱ्याच्या गिचमिड अक्षरातलं वेगळं आणि छापून आलेलं वेगळं. छापून आलं की ते खरंच वाटायला लागतं. कुणीतरी कॉफी पितापिता टाइप केलं असणार, आणि त्या बाईला वाटलं असणार, गळला असेल एखादा पाइप.

"काय झालं? आकडा चुकलाय का?" बर्निस टोस्तेने विचारलं. बर्निस त्यांची दलाल, त्यांच्याच चर्चमधली, त्यांच्यासारखीच बेटावरून आलेल्या पोर्तुगीजांची पोर. आवाज असा की टर्लॉक गावाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जावं.

"नाही. वाचतेय."

"अगं बाई, इथे वाचत बसलीस तर नाताळ उजाडेल. मी वाचलंय ना सगळं? सही ठोक."

"वाचू दे तिला," गिल म्हणाला. पण त्याचा गुडघा टेबलाखाली थडथड हलत होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला घालायचा तो, आणि गळ्याशी बटण लावलं होतं. टेबलापलीकडे मारिबेल होती, कागदपत्रं करणारी बाई, नोटरी. तिने शाईची डबी आणि जाड वही पुढ्यात मांडून ठेवली होती. घराच्या कागदावर नुसती सही चालत नाही इथे. अंगठाही लागतो.

बर्निस सारखा एकच शब्द वापरायची, क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन व्यवहार मिटणं. घर क्लोज झालं की सुटलात, घर क्लोज झालं की तुम्ही मोकळे. जुलैत ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात येऊन बसली, देओलिंदाने भाजलेल्या गोड पावाचे तीन तुकडे खाल्ले, आणि लोणी लागलेल्या बोटांनी कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडत गेली. यातून हे गेलं, यातून ते गेलं, हे घेणाऱ्याने द्यायचं, हे निम्मं-निम्मं, आणि हे, बाई गं, तुझंच. देओलिंदाला ते ऐकताना मौज वाटायची, म्हणजे मौज नव्हे, पण जिवाला बरं वाटायचं, की जगात कुठेतरी असं टेबल आहे जिथे बसून माणसं ठरवतात कुणाच्या वाट्याला काय. सगळ्यांत तिला आवडला होता तो घरपट्टीचा हिशेब, पुढे विक्रीची तारीख ठरल्यावर मांडलेला. वर्षाची घरपट्टी दिवसांत वाटायची. दिवसाचे सहा डॉलर. एक जुलैपासून सव्वीस सप्टेंबरपर्यंतचे अठ्ठ्याऐंशी दिवस फुर्तादोंचे, सत्तावीस सप्टेंबरपासून पुढचे सगळे घेणाऱ्यांचे. "आणि सत्तावीसचा सकाळचा वेळ?" तिने विचारलं होतं. बर्निस खदखदून हसली होती. "तोही त्यांचा. दिवस फोडत नाहीत, देओ. दिवस एकाचाच असतो." ते वाक्य देओलिंदाच्या डोक्यात कामावरसुद्धा फिरत राहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात ट्रे धुताना, घरी येताना, बदामाच्या बागा झोडपायचा मोसम असल्याने गावभर धूळ उडत होती ती खिडकीच्या काचेवरून पुसताना. दिवस एकाचाच असतो. मग त्या ऑगस्टचे ते चार दिवस कुणाचे होते? ते कुणी कधी मांडून दिले नाहीत. त्या चार दिवसांचा कागद एकच, आणि त्यावर लिहिलं होतं, 'मृत्यू दहा ऑगस्टच्या सुमारास. मृतदेह चौदा ऑगस्टला आढळला.' सुमारास! जमिनीच्या चतकोर तुकड्याला पन्नास सेंटपर्यंत हिशेब, आणि तिच्या पोटच्या पोराला, नेल्सनला, सुमारास.

याच शब्दावर सगळी विक्री उभी होती. घरात कुणी मेलं असेल तर घेणाऱ्याला सांगावं लागतं, तसा कायदाच आहे कॅलिफोर्नियात. पण तीन वर्षं उलटली की नाही सांगितलं तरी चालतं. घेणाऱ्याने पहिली किंमत लिहून दिली त्या दिवसापासून मागे तीन वर्षं मोजायची. कायदा करणाऱ्यांनी काय विचार केला असेल कोण जाणे, तीनच का, चार का नाहीत. बर्निसने बजावून सांगितलं होतं, घाई करू नका, ऑगस्ट जाऊ दे, विक्रीची पाटी सप्टेंबरात लावू. पण गिलला कुठला धीर! अकरा तारखेला त्याने स्वतःच पाटी ठोकली हिरवळीवर, आणि बारा ऑगस्टला, सोमवारी, किंमत आलीसुद्धा. मागितली तेवढी. बर्निस आली, कपाळाला हात लावून बसली, मग म्हणाली, "कागदावर तारीख काय आहे?"

"दहाच्या सुमारास," गिल म्हणाला.

"सुमारास ऐकलं नाही मी. तारीख काय?"

"दहा."

"मग दहा. तीन वर्षं आणि दोन दिवस झाले. गेल्या तीन वर्षांत इथे कुणाचा मृत्यू झालाय का? नाही. खूण कर." आणि गिलने 'नाही'च्या चौकोनात फुली मारली होती, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली. देओलिंदाने त्याखाली सही केली होती. तिच्या हाताला काही झालं नाही तेव्हा. आठवड्याने घराची तपासणी करणारा माणूस आला, गुडघ्यांवर रांगत खोल्याखोल्यांतून फिरला, आणि तिसऱ्या खोलीत गालिचाचा कोपरा उचलून म्हणाला, इथली फळी कापून नवीन बसवलीय, चार फूट बाय सहा फूट, का? कापून काढावी लागली होती. पोलिसांनी ज्या सफाईवाल्यांचा नंबर दिला होता त्यांनी करवतीने कापून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेली होती ती फळी, कारण ऑगस्टात या खोऱ्यात एकशे सहा डिग्री उन्हाळा असतो, आणि कूलर बंद होता, आणि चार दिवस. आणखी काही सांगायला नको. "काहीतरी लिहावं लागणार," बर्निस म्हणाली होती. "खोटं लिहा असं मी म्हणत नाही. मी बाहेर फोनवर बोलायला जाते, तुम्ही लिहा." ती अंगणात गेली आणि गिलने लिहिलं, पाणी.

नेल्सन एकतीस वर्षांचा होता. चीजच्या कारखान्यात पाठीत उसण भरली ती भरलीच, मग गोळ्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग नोकरी गेली, बायको गेली, आणि तो आपल्या लहानपणच्या खोलीत परत आला, जिथे दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. वाईट नव्हता तो. लोकांना वाटायचं, गोळ्या खातो म्हणजे चोऱ्यामाऱ्या करत असेल. तसलं काही नाही. नुसता चिकट होता. दिवसातून दहा वेळा हाक मारायचा. आई, मीठ कुठंय, आई, माझा चार्जर बघितलास, आई, मला बरं नाही वाटत. शाळेत ती पोरांना जेवण वाढत असायची आणि खिशात फोन थरथरायचा. आई. आई. कधीकधी तिला वाटायचं फोन नेऊन कालव्यात फेकावा. असं आईला वाटावं का? वाटायचं, काय करणार. मग त्या वर्षी गिल म्हणाला, चल, तीन आठवडे जाऊ बेटावर, तेर्सेराला, तुझी आई नव्वदीला आली, बावीस वर्षांत गेलो नाही. नेल्सन म्हणाला, जा की, मी काय लहान आहे? समोरची व्हर्ना म्हणाली, मी बघेन. म्हणून दोघं गेली. आणि गिलने विमानातच ताकीद दिली होती, तिकडे फोन उचलायचा नाही, मिनिटाला दोन डॉलर पडतात, काही असेल तर तो निरोप ठेवेल.

बारा तारखेला माहेरच्या गावात दोरीच्या बैलाचा खेळ होता. लांब दोरीला बैल बांधून रस्त्यात सोडतात, गावातली पोरं त्याला डिवचतात, पळतात, पडतात, आणि बायकामाणसं दोन्हीकडच्या भिंतींवर पाय सोडून बसतात. देओलिंदा तिच्या चुलतबहिणींमध्ये भिंतीवर बसली होती, मांडीवर खाऱ्या शेंगांचा कागद, आणि तिच्या सख्ख्या काकाचा पोर, हा एवढा धिप्पाड, बैलाला भिऊन कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला होता. ती हसत सुटली. किती वर्षांनी हसत होती देव जाणे, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि डाव्या हातातला फोन थरथरायला लागला. पडद्यावर अक्षरं उजळली, 'घर'. तिकडे सकाळचे अकरा छत्तीस झाले असणार. तिने बघितलं. तिला नीट आठवतं, ती हसायची थांबलीसुद्धा नाही. मनात म्हणाली, आज नाही रे बाबा. आज एक दिवस नाही. मग फोन थरथरायचा थांबला आणि बैल वळला आणि सगळे पुन्हा किंचाळले. निरोपाची शिट्टी वाजली असणार तिकडे, पण निरोप नव्हता ठेवला त्याने. चौदाला व्हर्नाने पोलीस बोलावले. सोळाला ती दोघं परतली, आणि डॉक्टर म्हणाले, एवढ्या उन्हाळ्यात नेमकं सांगता येत नाही, दहाच्या सुमारास धरू. गोळ्या होत्या, उकाडा होता, हृदय थांबलं, झोपेतच गेला असेल. दहाला, तुमचं तिकडे जेवण वगैरे चाललं असेल. गिलने ते वाक्य एखाद्या प्रार्थनेसारखं धरून ठेवलं, झोपेतच. दहाला. आपण काय करणार होतो तिथून? देओलिंदा त्याच्या शेजारी उभी होती, आणि डॉक्टरांना तेव्हाच सांगता आलं असतं, अहो, बाराला फोन आला होता मला. तोंड उघडलंही असेल तिने. पण गिलचा चेहरा तिला दिसला आणि ती गप्प बसली. महिन्याने घरच्या फोनचं बिल आलं. दुसऱ्या पानावर ओळ होती, बारा ऑगस्ट, अकरा छत्तीस, परदेश, एक मिनिट. बिलं तीच भरायची. ते पान तिने घडी करून शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली ठेवलं, आणि तीन वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नाही, कारण उघडायची गरजच नव्हती. कशाला केला असेल फोन? कूलर बंद पडला म्हणून? मीठ सापडत नव्हतं म्हणून? बरं वाटत नाही म्हणून? एक मिनिट म्हणजे किती वेळा वाजला असेल?

आणि तो फोटो. गिलने भिंतीखालून काढला होता, आपल्या मोबाइलवर, त्याच क्षणी की त्याच्या आगेमागे, ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हिंमतही नव्हती. त्यात ती हसतेय, डोकं मागे टाकून, सगळे दात दिसताहेत. फोटोच्या खालच्या कडेला तिचा डावा हात मनगटापर्यंत आलाय. गिलने तो फोटो तीन वर्षं मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर ठेवला होता. गाडी चालवताना, डॉक्टरकडे रांगेत बसल्यावर, रात्री पुढच्या खोलीतल्या खुर्चीत, कारण बेडरूमकडे जायचं तर तिसऱ्या खोलीच्या दारावरून जावं लागायचं म्हणून तो तीन वर्षं खुर्चीतच झोपत होता, तो मोबाइल उघडायचा आणि तिला बघायचा. "ही माझी खरी बायको," म्हणायचा. "परत येईल एक दिवस." कुणी भेटलं की दाखवायचा. सगळे चेहऱ्याकडे बघायचे. हाताकडे कोण बघतं? त्या हसणाऱ्या बाईसाठीच त्याने समुद्राकाठी मोरो बे गावात दोन खोल्यांची जागा बघितली होती, अकरा हजार बयाणा देऊन बसला होता. हे घर आज विकलं गेलं नाही तर तो बयाणा बुडाला, आणि पुन्हा ती खुर्ची, तो दरवाजा. आज सकाळी दाढी करताना तो शीळ घालत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. देओलिंदा न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहून ऐकत होती, आणि तिला वाटलं, बोलायचं नाही आता. जन्मभर बोलायचं नाही. हा एवढा खर्च आपण करायचा.

तिने सही केली. नवव्या ओळीखाली, सोळाव्या ओळीखाली, शेवटच्या पानावर. 'देओलिंदा एम. फुर्तादो', शाळेतल्या पोरींसारखं गोल अक्षर. मारिबेलने तिचा अंगठा धरून शाईत दाबला आणि वहीत टेकवला. मारिबेलचा हात गार होता. "झालं, आता मिस्टर फुर्तादो," ती म्हणाली, आणि गिल भराभर सह्या करायला लागला, वाचल्याशिवाय, ओठांच्या कोपऱ्यात जीभ धरून.

इतक्यात दार उघडलं. इथे विकणारे आणि घेणारे कधी एका टेबलाशी बसत नाहीत, वेगळ्या वेळी येतात, वेगळ्या खोलीत सह्या करतात, एकमेकांचं तोंड पाहावं लागत नाही. पण त्या दिवशी पलीकडची खोली रंगवायला काढली होती, आणि घेणारी बाई तासभर आधीच आली होती, कारण तिला डॉक्टरकडे जायचं होतं. "पाच मिनिटं इथे बसवू का? बाहेर रंगाचा वास फार आहे, आणि यांना..." पुढच्या काउंटरवरच्या पोरीने हाताने पोट दाखवलं. बर्निसने डोळे फिरवले, पण नाही कसं म्हणणार! रमीना आत आली आणि खुर्चीत हळूच टेकली. तिशीची, अश्शूरी, म्हणजे मुळच्या इराककडच्या ख्रिश्चनांतली बाई, टर्लॉकमधलीच, गळ्यात छोटा क्रॉस, सातवा महिना तरी असेल. तिने हातातलं बिस्किटांचं तबक टेबलावर ठेवलं, खजुराची बिस्किटं, घरी केलेली. "ऑफिसवाल्यांसाठी आणली होती," ती लाजून म्हणाली. "पण घ्या ना तुम्हीच. तुमचंच घर."

"तुमचं झालं आता," गिल म्हणाला, आणि मोठ्याने हसला. त्याने बिस्कीट घेतलं.

"माझा नवरा, आशूर, कामावरून येतोच आहे. मिसेस फुर्तादो, एक विचारू? ती मागची छोटी खोली, तिसरी. सकाळचं ऊन येतं ना तिथे? आम्ही पाळणा तिथे ठेवायचा म्हणतोय."

"येतं की! छान येतं," गिल घाईने म्हणाला. "पूर्वेचीच खिडकी आहे. बदामाची फुलं दिसतात फेब्रुवारीत."

देओलिंदा बिस्किटांकडे बघत होती. पाळणा कुठे ठेवतील? खिडकीखाली. खिडकीखालीच ठेवणार, कुणीही तिथेच ठेवेल, तिनेही तिथेच ठेवला होता. चार फूट बाय सहा फूट. तिने ठरवलं होतं ते सगळं तिला आठवत होतं, शीळ आठवत होती, अकरा हजार आठवत होते, आणि तरी तिचं तोंड उघडलं.

"ते पाणी नव्हतं," ती म्हणाली.

गिलचं पेन थांबलं. बर्निसने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेने. "देओ, अगं उन्हात आलीस म्हणून चक्कर येतेय का तुला? पाणी आणू? मारिबेल, जरा पाणी..."

"पाणी नको गं मला! ते पाणी नव्हतं, पोरी. माझा मुलगा गेला त्या खोलीत. आम्ही इथे नव्हतो. आम्ही तुम्हाला खोटं लिहून दिलं. तुला नको असेल घर तर आत्ताच सांग, अजून पैसे हललेले नाहीत."

 मारिबेलने वहीवर हात ठेवला होता, ती वर बघेना. गिल पांढराफटक पडला होता, आणि देओलिंदाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मग रमीनाने हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. देओलिंदाच्या अंगठ्याची शाई तिच्या बोटाला लागली.

"आम्हाला ठाऊक आहे, खालती," ती म्हणाली. त्यांच्यात मावशीला खालती म्हणतात. "घर बघायला आलो त्याच दिवशी समोरच्या आजींनी सांगितलं. कुंपणापाशी उभ्याच होत्या वाट बघत."

"व्हर्ना!" बर्निसच्या तोंडून गेलं. "त्या बाईच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ."

"आशूर म्हणाला, जास्त सूट मागू, पाच हजार तरी. माझी सासू म्हणाली, दुःखाच्या घराशी घासाघीस करतात का? फळीचे काय होतील तेवढे घ्या. म्हणून बाराशे." रमीनाने बिस्किटांचं तबक देओलिंदाकडे सरकवलं. "मला वाटायचं, तुम्ही सांगाल का कधी. सांगितलंत ते बरं झालं."

गिलच्या गळ्यातून एक आवाज आला, हुंदका की हसू ते कळेना, आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. देओलिंदाने तीन वर्षांत त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. "ठाऊक होतं यांना, देओ," तो म्हणत होता. "ठाऊक होतं गं. आणि आपण मरमर मरत होतो." त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला, सगळ्यांसमोर, आणि तिला जवळ ओढलं. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. झालं, तिला वाटलं. संपलं. एवढंच होतं का? तिचे पाय हलके झाले. आता उठायचं, गाडीत बसायचं, आणि समुद्राकडे जायचं. मारिबेलनेसुद्धा नाक पुसलं आणि शाईची डबी गिलपुढे सरकवली. त्याने डोळे बाहीने पुसत अंगठा शाईत दाबला.

"आमच्यात नव्या घरात जाण्याआधी फादर येऊन घर आशीर्वादून जातात," रमीना म्हणाली. तिने पर्समधून फोन काढला. "त्या खोलीत तुमच्या मुलाचं नाव घ्यायला सांगते मी. आणि दर वर्षी त्या दिवशी मेणबत्ती लावेन तिथे, खरंच लावेन. लिहून घेते. नाव काय त्याचं?"

"नेल्सन," गिल म्हणाला.

"आणि तारीख?"

"दहा ऑगस्ट," गिल म्हणाला.

"बारा," देओलिंदा म्हणाली.

दोघं एकदमच बोलली होती. रमीनाचं बोट फोनवर तसंच राहिलं. ती दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली, मायेने, नवराबायकोची लग्नाच्या तारखेवरून जुंपते तेव्हा बघतात तशी. देओलिंदाला वाटलं, शब्द मागे घ्यावा, चुकले म्हणावं, दहाच, मी बाई विसरभोळी. पण परक्या घरात, परक्या पोरीने, चुकीच्या दिवशी मेणबत्ती लावायची? तो जिवंत असताना? दिवस एकाचाच असतो.

"दहा, देओ," गिल हळू आवाजात म्हणाला. तो अजून हसरा होता. "दहाच्या सुमारास. आता काय त्याचं? आता यांना सगळं ठाऊकच आहे."

"बाराला होता तो. अकरा छत्तीसपर्यंत तरी होता."

"तुला कसं माहीत?"

तिने शाईचा अंगठा मुठीत दडवला.   पलीकडच्या खोलीत रंगाऱ्याने शिडी सरकवली, त्याचा आवाज आला.

"बाराला आपण बैलाच्या खेळाला होतो," गिल म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता, एकेक दिवस बोटावर मोजल्यासारखा. "बाराला तू भिंतीवर होतीस. शेंगा खात होतीस. मी खाली उभा होतो." मग तिच्या खांद्यावरचा हात त्याने काढून घेतला, झटकून नव्हे, अगदी सावकाश, आणि त्याच हाताने शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला. पडदा उजळला. ती तिथे हसत होती, डोकं मागे टाकून, सगळे दात दिसत होते. गिलने मोबाइल टेबलावर ठेवला, आणि अंगठा आणि बोट काचेवर टेकवून फोटो मोठा करायला लागला. तिचा चेहरा वर सरकत पडद्याबाहेर गेला. गळा गेला, निळा झगा गेला, मांडीवरचा शेंगांचा कागद आला. त्याच्या अंगठ्याची काळी शाई काचेवर फरफटत गेली. तो सगळा फोटो वर ओढत होता, खालच्या कडेपर्यंत, डाव्या हाताकडे.

"मिस्टर फुर्तादो," मारिबेल हळूच म्हणाली, "अंगठा इथे. वहीत."